एक पायली बाकी

माय,

तुला वाचता येत नव्हतं. म्हणजे तू असतीस तरी हे मला वाचूनच दाखवावं लागलं असतं, आणि तुझ्यासमोर बसून हे वाचणं मला जमलं नसतं. तू गेलीस त्याला वीस वर्षं होऊन गेली. तेव्हा आपण नागपूरच्या प्रांतात होतो, आता मुंबईच्या राज्यात आहोत. आणे गेले, नवे पैसे आले. बल्लारपूरला कागदाचा कारखाना उभा राहिला. मी मात्र चांद्याच्या त्याच हायस्कुलात त्याच वर्गांना शिकवतो. शाळेतून आल्यावर चहा घेऊन डायरी लिहायची, ही कॉलेजातली सवयही तशीच आहे. पण हे मी डायरीत लिहीत नाही, सुट्या कागदांवर लिहितो आहे, कारण डायरी तुझी सून कधीमधी चाळते. चाळलेलं मला चालतं. आजवर लपवावं असं तीत काही नव्हतं.

आम्ही घर बांधलं. जटपुरा दरवाजाच्या बाहेर, परकोट संपल्यावर जो खडकाळ माळ लागायचा तिथे. बारा जणांनी मिळून सहकारी संस्था काढली, सरकारकडून जागा मिळाली, बारा घरांचे नकाशे एकसारखे: दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पडवी. पैसा कुठून आणायचा हा प्रश्न होता, आणि त्यावर मी आठवडाभर कागद काळे केले. एक लाकूडवाला शेठ होता. त्याचा मुलगा माझ्या वर्गात. तो स्वतः घरी आला, पडवी नसलेल्या आमच्या भाड्याच्या खोलीत खाटेवर बसला आणि म्हणाला, "मास्तर, तुमच्यासारख्या माणसाले मी व्याज सांगू का? आज चार टक्के धरा. पुढचं पुढं बसून ठरवू. घरचीच गोष्ट हाय." संस्थेचा दर साडेपाच. पंधरा वर्षं, आणि तो पंधराही वर्षं तोच. संस्थेचे चिटणीस म्हणजे एक रिटायर झालेले पोस्टमास्तर. ते म्हणाले, "मास्तर, जग इकडचं तिकडं होऊ द्या, तुमचे महिन्याचे बत्तीस रुपये अकरा आणे. ना एक पैसा वर, ना एक पैसा खाली. मी मेलो तरी."

तुझी सून म्हणाली, "शेठचा तर कमी हाय न जी?"

"आज कमी आहे."

"आन् उद्या?"

"तेच तर तो सांगत नाही."

ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मंग ज्याचं तोंड आज दिसते त्याचंच घ्या." मी संस्थेचं घेतलं. चार हजार. गहाणखत केलं, घर बांधायच्या आधीच घर गहाण पडलं. त्या दिवशीच्या डायरीत मी लिहिलं आहे की ठरलेल्या दराचा निर्णय मी गणित करून घेतला. ते खरं नाही. गणितानं दोन्हीकडं सारखंच काहीतरी येत होतं. मला कणगी आठवली होती.

आपल्या आरमोरीच्या गल्लीतली ती कणगी. धान कांडून पोट भरणाऱ्या तुम्ही चौदा-पंधरा बाया, आणि तुमच्यातल्या एकीच्या ओसरीवर शेणानं सारवलेली, माझ्या डोक्यापेक्षा उंच असलेली ती बांबूची कणगी. धान निघालं की प्रत्येकीनं त्यात आपापलं टाकायचं, आषाढात चूल थंड पडायला लागली की काढायचं, आणि पुढच्या पिकाला सवाई परत करायची. चार पायल्यांना पाच. कोणासाठी कमी नाही, कोणासाठी जास्त नाही. पाऊस पडो न पडो. तू पायली भरलीस की वरून तळहात फिरवायचीस, आणि तुझ्या हातानं सपाट केलेली पायली दुसऱ्या कोणी परत मोजत नसे. मी लहानपणी तुझ्याजवळ उकिडवा बसून ते पाहत असे. उखळात मुसळ पडण्याचा आवाज बंद झाला की घर एकदम मोठं वाटायचं.

त्या कणगीची आणखी एक रीत होती. जिच्या घरचं धान कणगीत पडलेलं नसे, अशी एखादी बाहेरची बाई मागायला आली तर तिच्यासाठी गल्लीतल्या कोणीतरी शब्द द्यायचा. आणि शब्द तिनंच द्यायचा जिचं स्वतःचं मागच्या सालचं देणं कणगीत बाकी आहे. जी फेडून मोकळी झाली तिचा शब्द चालत नसे. मला ती रीत उलटी वाटायची. जिनं फेडलं तिच्यावर जास्त भरवसा नको का? मी एकदा तुला विचारलंही होतं. तू म्हणालीस, "जिचं काई अडकून नाई ते कायले दुसरीच्या मागं फिरन वसुलीले?" मला ते पटलं नाही. मी शाळेत पहिला येत असे.

तू दर वर्षी सगळं फेडायचीस आणि एक पायली ठेवायचीस. दर वर्षी. कणगीवाली बाई कुडाच्या भिंतीवर गेरूच्या रेघा ओढायची, आणि आपल्या रेघांतली एक कधीच पुसली जात नसे. मला तिची लाज वाटायची. मला वाटायचं, आपली माय एका पायलीपाशी येऊन दमते.

मग मी नागपूरला कॉलेजात गेलो. पहिल्या वर्षाची स्कॉलरशिप मिळाली, त्यातले खर्चून उरलेले रुपये मी धोतराच्या सोग्यात बांधून उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आणले. तुला लुगडं आणायचं मनात होतं. ते न आणता मी बाजारातून धान घेतलं, एक पायली आणि वर पाव, स्वतः जाऊन कणगीत ओतलं आणि स्वतःच्या हातानं, थुंकी लावून, ती गेरूची रेघ पुसली. कणगीवाली बाई हसून म्हणाली होती, "मायले इचारलास का रे?" मी म्हणालो, "तिला चकित करायचंय."

तू चुलीपाशी होतीस. लाखोळीची डाळ शिजत होती. मी सांगितलं तेव्हा तुझ्या हातातली पळी तशीच राहिली. मी ते आता लिहितो आहे आणि डाळीचा वास येतो आहे, करपायला लागल्याचा.

"कोनं सांगतलं तुले?"

"माय, फिटलं न सारं. आता आपल्यावर कोणाचं काही नाही."

"मी इचारून राह्यली, कोनं सांगतलं तुले?"

"कोणी नाही. मला वाटलं."

"तुले वाटलं," तू म्हणालीस. "हिशेब येते तुले. बस, हिशेबच येते." मग तू पातेलं उतरवलंस आणि माझ्याकडं पाठ केलीस. तू मला कधी मारलं नव्हतंस. त्या दिवशी मारलं असतंस तर मी विसरूनही गेलो असतो.

आषाढ लागायच्या आधी, मी नागपूरला परत निघण्याच्या दोनच दिवस आधी, टोल्यावरची, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरची, एक गोंड बाई आली. तिचा नवरा जंगलातल्या कुपावर लाकूडतोडीला गेला की महिनोन्महिने येत नसे. दोन लेकरं बरोबर, डोक्यावर रिकामी टोपली. ती दर वर्षी याच सुमारास यायची आणि तू तिला घेऊन कणगीकडं जायचीस, हे मी पाहत आलो होतो, पण का जायचीस हे मी कधी मनाशी जोडलं नाही. त्या दिवशी तू तिला अंगणात बसवलंस, पेज दिलीस, घरातल्या मडक्यातलं दोन पायल्या धान तिच्या टोपलीत घातलंस, आणि कणगीकडं गेली नाहीस. ती बसूनच राहिली. तिला वाटलं, अजून जायचं आहे. शेवटी तू म्हणालीस, "औंदा एवढंच हाय, बाई." ती उठली. मी दारात पुस्तक घेऊन उभा होतो. पुढच्या उन्हाळ्यात मी आलो तेव्हा ती आली नाही. मी विचारलं. तू म्हणालीस, "गेली." कुठं, ते मी विचारलं नाही.

आता घराकडं येतो.

आमच्या संस्थेत जोड्यांची पद्धत आहे. बारा सभासद, सहा जोड्या. जोडीतल्या दोघांनी एकमेकांना जामीन राहायचं. संस्थेचे नियम इंग्रजीत होते, बाराजणांतल्या नऊजणांना ते वाचता येत नव्हते, म्हणून मी ते मराठीत उतरवले. चिटणिसांनी ते छापून घेतले, मागच्या पानावर माझे आभार मानले आहेत. माझ्या जोडीतला सभासद पहिल्या दोन-तीन वर्षांत बदली होऊन गेला आणि त्याचा मोकळा प्लॉट एका सुतारमिस्त्रीनं घेतला. मुसलमान, परकोटाच्या आत एका आरागिरणीत काम करणारा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. आमच्या घराची दारं-खिडक्या त्यानंच केली होती, तिथली ओळख. सागाच्या फळीवर बोट फिरवून तो सांगायचा की हे झाड आलापल्लीकडचं की माणिकगडाकडचं. खरं किती, कोणास ठाऊक. तुझी सून त्याला म्हणायची, "मिस्त्रीभाऊ, झाडाचं गोत्र सांगता, आन् खिडकी काऊन लागत नाई ते सांगत नाई." तो म्हणायचा, "भाभी, खिडकी पावसाळ्यात फुगते, मानूस पैशानं फुगते. दोघायलेबी थोडं रंधा मारा लागते."

मी त्याचा जामीन झालो, तो माझा. त्याचं कर्ज तीन टप्प्यांत मिळायचं होतं: जोतं, भिंती, छप्पर. जोतं झालं. भिंती झाल्या. तो रविवारी आपल्या बायकोला आणि मुलींना घेऊन यायचा, छप्पर नसलेल्या खोल्यांत उभं राहून कोण कुठं झोपेल ते ठरवायचा. दोन दारं त्यानं आधीच करून ठेवली होती, गिरणीत उरलेल्या चांगल्या सागाची. ठेवायला जागा नव्हती म्हणून ती आमच्या पडवीत भिंतीला लावून ठेवली.

त्याच फाल्गुनात माझी विम्याची पॉलिसी पिकली. तू गेलीस त्या वर्षी काढलेली, वीस वर्षांची. तेव्हा मला वाटलं होतं की माणूस असा अचानक जातो तर मागं काहीतरी असावं. अडीच हजार आले. आमच्या कर्जाचे तीन हजारांच्या आसपास राहिले होते. पेपर तपासल्याचे आणि शिकवणीचे मिळून पाचशे घरात होते. मी हिशेब मांडला. पुढची दहा वर्षं हप्ते भरण्याऐवजी आता एकरकमी फेडलं तर नऊशेच्या वर व्याज वाचत होतं. नऊशे म्हणजे माझा सहा महिन्यांचा पगार. पण खरं सांगायचं तर नऊशेंसाठीही मी ते केलं नाही. मला खात्यावर "निरंक" हा शब्द पाहायचा होता. पाच वर्षं दर महिन्याच्या पाच तारखेला मी बत्तीस रुपये अकरा आणे, आणि पुढं बत्तीस रुपये एकोणसत्तर नवे पैसे भरत आलो होतो, एकदाही सहा तारीख होऊ दिली नव्हती, आणि तरी पोस्टमास्तर वहीत ओळ लिहायचे तेव्हा माझे तळहात ओले व्हायचे. माझ्या अंगातच काहीतरी आहे ते. तुझ्या एका रेघेची लाज होती, तीच असेल.

चैत्रात भरले. पोस्टमास्तरांच्या ओसरीवरच संस्थेची कचेरी आहे, एक टेबल, एक कपाट. त्यांनी चष्मा पुसला, ओळ लिहिली, शिक्का मारला, आणि म्हणाले, "दहा वर्षं आधी! बाराजणांत पयले तुम्ही. आमच्या पोस्टात असते तर तुमचं तिकीट काढलं असतं." सब-रजिस्ट्रारकडं जाऊन गहाण सुटल्याची फारखत झाली. घरी आलो. मला काही वाटेल अशी मी वाट पाहत होतो. तुझ्या सुनेनं देवापुढं साखर ठेवली. संध्याकाळी मिस्त्री आला, पेढ्यांचा पुडा घेऊन.

"मास्तर, मुबारक! सुटले बाप्पा तुम्ही. आता मरायले मोकळे."

"काय बोलता, मिस्त्रीभाऊ!" तुझी सून म्हणाली.

"अरे भाभी, चांगल्या अर्थानं. कर्जवाल्याले तर यमराजबी नाई नेत, म्हनते पयले हप्ता भर."

आम्ही तिघंही हसलो. मी पेढा खाल्ला. त्यानं दोन खाल्ले.

संस्थेचा चौदावा नियम असा आहे: जामीन राहणारा सभासद हा स्वतः संस्थेचा कर्जदार असला पाहिजे, त्याचे कर्ज फिटल्यास त्याची जामीनकी संपेल, आणि एक महिन्याच्या आत दुसरा पात्र जामीन न दिल्यास राहिलेले टप्पे मिळणार नाहीत. भाषा माझी आहे. "पात्र" हा शब्द घालावा की "लायक", यावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली होती. पैसे भरायला निघालो त्या सकाळी मला तो नियम आठवत होता का, असं मी स्वतःला विचारतो. आदल्या आठवड्याच्या डायरीत एक ओळ आहे: "नि. १४. मिस्त्री?" त्याच्यापुढं काही नाही. त्यानंतरच्या ओळीत शाळेच्या घंटेबद्दल आहे. म्हणजे मला माहीत होतं. माहीत होतं आणि मी पुढच्या ओळीवर गेलो.

वैशाखात समितीची सभा झाली. पोस्टमास्तरांनी नियम वाचला, माझ्या मराठीतला. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी मिस्त्रीला विचारलं, दुसरा कोण? दुसरा कोणीच नव्हता. उरलेल्या दहाजणांच्या पाच जोड्या, प्रत्येकजण एकाला बांधलेला, एकाला दोघांचं जामीन राहता येत नाही. महिना दिला, तो त्या दिवसापासून धरला, एवढी सूट दिली. मिस्त्री उठताना मला म्हणाला, "तुमची काय गलती, मास्तर? तुम्ही तं फेडलं." तो खरंच तसं समजत होता.

त्या संध्याकाळी तुझ्या सुनेला मी सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. 

"आत्याबाईची पायली," ती म्हणाली.

"काय?"

"तुमाले माहीत नाई का? आत्याबाई एक पायली ठेवे न बाकी. मुद्दाम ठेवे. टोल्यावरच्या त्या बाईसाठी. स्वतःचं देनं नसलं तं शब्द कसा देईन? तुम्ही फेडून टाकलं म्हने एक वर्ष, तं त्या बाईले धान भेटलं नाई. लेकरं घेऊन ते मंग खाणीवर गेली, बल्लारशाकडं. परत आलीच नाई."

मी विचारलं, हे तुला कोणी सांगितलं.

"त्यायनंच. कांडता कांडता. मी म्हनलं, त्यायले सांगा न मंग. तं म्हने, नोको. तो मनाले लावून घेते."

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो मी खाली ठेवला. मला रडू आलं नाही. मला वाटलं की यावं, पण नाही आलं. पंचवीस वर्षं तू ते मला सांगितलं नाहीस, त्यांतली वीस तर तू नव्हतीसच. आणि मी नागपूरहून तुला पत्रं लिहायचो, शेजारच्या मास्तरांकडून वाचून घे म्हणायचो, त्यांत मी किती मार्क पडले ते लिहायचो.

तुझी सून भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "मंग सोपं हाय न. घ्या परत थोडं कर्ज."

संस्था विहिरीसाठी तीनशे रुपये देते. तोच साडेपाच टक्के, तीन वर्षं. महिन्याला नऊ रुपये आणि काही पैसे. एक पायली. ते घेतलं असतं तर मी पुन्हा कर्जदार झालो असतो, जामीन झालो असतो, मिस्त्रीचं छप्पर मृगाच्या आत चढलं असतं. चौदाव्या नियमात याला कुठंच आडकाठी नाही, मी तपासलं. तुझी सून म्हणाली, "विहीर नाई खोदली तरी चालन. खड्डा खोदू, पानी नाई लागलं म्हनू." मी म्हणालो की ते खोटं होईल. ती म्हणाली, "मंग खरी खोदा. पानी तं लागतेच आपल्याले."

मी अर्ज आणला. भरला. नाव, सभासद क्रमांक, रक्कम, कारण. सही केली. तारीख घातली. महिन्यातले एकवीस दिवस राहिले होते.

मिस्त्रीला छप्पर मिळालं नाही. ज्येष्ठात त्यानं प्लॉट भिंतींसकट सोडला. यादीत पुढचं नाव त्या लाकूडवाल्या शेठच्या मेव्हण्याचं होतं, त्यानं घेतला, रोख. आता तिथं छप्पर आहे, रंगही दिला आहे. मिस्त्रीला बल्लारपूरच्या कारखान्यात सुतारकाम मिळालं, तो तिथं एका खोलीत भाड्यानं राहतो. जायच्या दिवशी तो बैलगाडी घेऊन आला, दारं न्यायला असेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "खोलीत कुठी ठेवू, मास्तर? दोन दारायच्या मंधात आमाले झोपा लागन. इथीच राहू द्या. घर झालं का नेतो." मुलींपैकी धाकटी गाडीत बसून आमच्या घराकडं पाहत होती. तुझ्या सुनेनं तिला गुळाची भेली दिली.

या दिवाळीला तो आला होता. बल्लारपूरहून सकाळच्या गाडीनं, फराळाला. दारांवर हात फिरवून पाहिला, एका ठिकाणी बोटानं वाळवीची माती काढली आणि म्हणाला, "अंदर नाई गेली अजून." मग चहा पिताना, मी काही बोललो नसताना, त्यानं कप खाली ठेवला.

"मास्तर, भाभीनं सांगतलं मले. तुम्ही माझ्यासाठी परत कर्ज मांगलं म्हने. निरंक झालेला मानूस. समितीनं अर्ज नाई घेतला ते त्यायचं. पन तुम्ही मांगलं." तो खाली पाहत होता. "माझ्या सख्ख्या भावानं नसतं मांगलं."

मी म्हणालो, "अजून एक करंजी घ्या."

त्यानं घेतली. तुझी सून दाराशी उभी होती आणि माझ्याकडं अशी पाहत होती जसं मी काही चांगलं केलं आहे.

माय, तो अर्ज तीन दिवस माझ्या शाळेच्या पिशवीत होता. पहिल्या दिवशी मी पोस्टमास्तरांच्या ओसरीपर्यंत गेलो. ते आतल्या बाजूला बसले होते, वही उघडी होती, आणि दारातून मला माझं पान दिसलं असं वाटलं, म्हणजे दिसलं नसेल, पण त्याच्यावरची ती शेवटची ओळ, खाली काही नसलेली, मला नीट आठवली. मी परत आलो. दुसऱ्या दिवशी शाळा उशिरा सुटली. तिसऱ्या दिवशी मी गेलोच नाही. घरी आलो तेव्हा तुझ्या सुनेनं विचारलं, "काय म्हनले?" मी म्हणालो, "नाही म्हणाले." एवढंच. पुढचं तिनंच ठरवलं, की समितीनं माझा अर्ज परत केला. मी ते खोडलं नाही. त्यानंतरही अठरा दिवस होते.

दारं अजून पडवीत आहेत. मी दर महिन्याच्या पाच तारखेला त्यांना तेल लावतो, कारण त्या तारखेला आता दुसरं काही करायचं नसतं. हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही, आणि तुला वाचून दाखवायला तू नाहीस. त्या वर्षी तू म्हणालीस की मला हिशेबच येतो, तेव्हा मला राग आला होता.

अर्ज या कागदांच्या खाली आहे. सगळं बरोबर भरलं आहे. मी तो दिलाच नव्हता.